सोलापुरी चादरीतलं भोक

माझी मावशी नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या आमच्या घरी आली ती दारातच अडली. पप्पा तिला विमानतळावरून घेऊन आले होते, तिची एक बॅग मी आत ओढत नेली होती, आणि ही बाई बाहेर उभी राहून दाराच्या मधोमध असलेल्या पत्रांच्या फटीचं झाकण बोटाने वर-खाली करत होती. टक्, टक्, टक्. "यातून टपाल टाकतात?" मी म्हटलं, हो, या फटीतून. "फट कशाला म्हणतेस? फट म्हणजे नको असताना पडलेली. हे कुणीतरी विचार करून, मोजून केलंय. याला आमच्याकडे तुंडू म्हणतात." मग उजवा पाय आत टाकून ती घरात आली, सगळ्या खोल्या पाहिल्या आणि चहा मागितला.

आमच्याकडे म्हणजे दार-एस-सलाम. मावशी ही आईची सख्खी मोठी बहीण. तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, बोअर खणण्याच्या कंपनीने टांझानियात पाठवलं, आणि दोघं तिथलीच झाली. काका जमिनीतून पाणी काढायचे, मावशी शाळेत गणित शिकवायची. आदल्या वर्षी काका गेले, मावशी निवृत्त झाली, आणि आईने हट्ट धरून तिला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. तिचं मराठी अकोल्याचंच राहिलं होतं, पण स्वाहिली मध्येच डोकं वर काढायची, विशेषतः ती चिडली की. आणि मावशी दिवसातून बऱ्याचदा चिडायची. माझा स्वभाव कुणावर गेलाय हे माझ्या मुलांना आता कळलं असेल.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि आम्हाला नेदरलँड्सला येऊन दीड वर्ष झालं होतं. घर म्हणजे नव्या वसाहतीतल्या एका ओळीतलं मधलं, पुढे हातभर बाग, मागे कालवा. डोक्यावरून विमानं जायची आणि ती गेली की स्वयंपाकघरातल्या वाट्या किणकिणायच्या, आई त्या आवाजावरून म्हणायची, "साडेपाचचं गेलं, कणीक मळायला घे." मावशी आल्यावर त्या स्वयंपाकघराचा नूरच पालटला. ती नारळाच्या दुधात राजमा शिजवायची, मक्याच्या पिठाची उगाली घोटायची, आणि आई शेजारच्या शेगडीवर ज्वारीची भाकरी भाजायची. पप्पा जेवायला बसले की दोघींकडे आळीपाळीने पाहून दोन्हीतलं थोडं थोडं वाढून घ्यायचे, कारण कुणाचं आधी संपवलं यावरून महाभारत व्हायचं. उगाली ठेच्याशी खावी, हा शोध माझा. तो मी अजून सोडलेला नाही, आणि माझी नात नाक मुरडून डचमध्ये काहीतरी पुटपुटते तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं करते.

भोकांचा खेळ त्याच स्वयंपाकघरात सुरू झाला. मावशीला सवयच होती, दिसेल त्या भोकाला नाव द्यायची. सायकलची ट्यूब मी टबात बुडवून बुडबुडे शोधत होते, तर म्हणाली, "हे टोबो. टोचून, फाटून पडलेलं. बादलीला पडतं, छपराला पडतं." समोरचा रस्ता केबल टाकायला खणला होता (या देशात रस्ता खणलेला नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं), तो खड्डा म्हणजे शिमो, कारण तो जमिनीत खाली जातो. भिंतीची भेग म्हणजे उफा. माझ्या पुढच्या दोन दातांमधली फट म्हणजे म्वान्या, आणि ती तिकडे सौंदर्याची खूण समजतात, हे तिने मला आरशासमोर उभं करून सांगितलं. आईला हे सहन होईना. ती नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवून आलेली, मराठीची बाजू तिने पदर खोचून घेतली. "आमच्याकडे काय कमी आहे? भोक, छिद्र, बीळ, खड्डा, भगदाड, खिंडार, झरोका, कोनाडा. आणि सुईच्या भोकाला सांग तुझ्या स्वाहिलीत काय म्हणतात?" मावशी म्हणाली, तुंडू ला सिंदानो, म्हणजे सुईचं तुंडू. "बघ! दोन-तीन शब्द लागले. आमचं नेढं. एका शब्दात खलास!" आई इतकी खूश झाली की तिने त्या दिवशी शिरा केला.

पण एका शब्दापाशी आई हरली. मावशी म्हणाली, "पेंगो. एखादी वस्तू होती आणि आता नाही, त्या जागेला पेंगो. दात पडला, पेंगो. माणूस गेलं, पेंगो." आई म्हणाली, मग आपली पोकळी आहे की. मावशीने मान हलवली. "पोकळी कुठेही असते. पेंगोला दोन्ही बाजूंना काहीतरी उभं असतं. पलंगाच्या या बाजूला मी, त्या बाजूला भिंत." आईने हात धुतले आणि तिच्या जवळ जाऊन बसली. मी तिथून सटकले, कारण मोठी माणसं रडली की मला तेव्हा काय करावं कळायचं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आई त्या घरात कोंडली होती. पप्पांचं ऑफिस चालत जाण्यासारखं, माझी शाळा, आणि आई दिवसभर एकटी, फोनवर डच शिकत. शेवटी तिला एक काम मिळायची वेळ आली. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळतात तसलं एक केंद्र होतं, परदेशी कंपन्यांतल्या लोकांच्या मुलांसाठी, इंग्रजीत चालणारं. आईची मुलाखत झाली, मुलांबरोबर तास झाला, त्यांना ती आवडली. एकच अट. केंद्राच्या दारातच कालवा, मुलांना त्याच्या काठाने न्यावं लागतं, तेव्हा पोहण्याचा पहिला दिप्लोमा हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आत आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला. इथे हा दिप्लोमा सहा वर्षांच्या शेंबड्या पोरांकडे असतो. आमच्या घरात तिघांपैकी एकाकडेही नव्हता.

आईने हिवाळ्यातच बायकांच्या वर्गात नाव घातलं होतं. विम नावाचा धिप्पाड शिक्षक हातात लांब काठी घेऊन काठावरून फिरायचा. आई छातीवरचं पोहणं शिकली, पाठीवरचं शिकली, कपडे-बुटांसकट पाण्यात उडी मारून तरंगायला शिकली. घरी यायची तेव्हा डोळे लाल आणि भूक अशी की उभ्या उभ्या तीन भाकऱ्या खायची. राहिलं एकच. तलावात पाण्याखाली एक जाड कापड उभं सोडतात, त्याला मधोमध मोठं गोल भोक असतं, आणि काठावरून उडी मारून, पाण्याखालून पोहत, त्या भोकातून पलीकडे निघायचं. आईचं घोडं तिथेच अडलं. कापडापर्यंत जायची आणि वर यायची. दर आठवड्याला तेच.

मावशीने हे ऐकलं आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "पाण्यात जमत नाही ना? मग आधी कोरड्यात करू." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बैठकीच्या खोलीत जिन्याच्या कठड्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत दोरी बांधलेली, आणि तिच्यावर आमची लाल सोलापुरी चादर. मधोमध कात्रीने कापलेलं हे एवढं भोक. आईच्या माहेरची चादर! आई सोफ्यावर डोक्याला हात लावून बसली होती. "विचारलंस तरी का गं?" "विचारलं असतं तर दिली असतीस?" मावशी म्हणाली. मग सराव सुरू झाला. आई श्वास रोखून गालिच्यावरून वाकून यायची, मावशी पलीकडे उभी. "हं, श्वास धर. उजवा पाय आधी. ये. शाब्बास." पप्पा वरून उतरताना थबकले. "ताई, उजवा पाय कशाला? आपण बौद्ध लोक, शुभ-अशुभ कधी मानलं?" मावशी म्हणाली, "शुभ नसेल, सवय तर आहे. सवयीने भीती मोडते. तुम्ही जा, तुमचं कॉम्प्युटरचं बघा."

इथल्या घरांना पुढे भिंतभर काच असते आणि पडदे लावायची पद्धत नाही. कुत्रं फिरवायला निघालेल्या शेजारच्या योकेबाई रोज त्या वेळी आमच्या खिडकीसमोरून जायच्या. पहिल्या दिवशी त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी कुत्रंही थांबलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गाठून विचारलं, हा तुमच्या धर्मातला विधी आहे का? मी म्हटलं, नाही, आई पोहायला शिकते आहे. त्या "अच्छा, अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की विधीच असता तर त्यांना लवकर पटलं असतं.

मग रंगीत तालमीचा दिवस आला, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातला. त्या दिवशी भोक पार झालं तर परीक्षेला बसायचं, नाहीतर पुढचा गट हिवाळ्यात, म्हणजे नोकरी गेली. मावशी आणि मी तलावाच्या काचेच्या भिंतीसमोरच्या बाकावर बसलो. काचेतून पाण्याखालचं दिसत होतं. आईने उडी मारली, नीट खाली गेली, कापडापर्यंत आली, आणि तिथे, खरंच सांगते, ती पाण्यात सरळ उभी राहिली आणि तिने उजवा पाय भोकात घातला. पाय पलीकडे, बाई अलीकडे. कापड तिच्या कमरेभोवती गुंडाळलं गेलं, विमने काठी पुढे केली, आणि आई काठी धरून खोकत वर आली. काठावरच्या बायका हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या. आईसुद्धा हसली, मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन खूप वेळ बाहेर आली नाही. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मला नको ती नोकरी." मावशीने तिची ओली पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

घरी आल्यावर मावशीने चादरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं कुंदे, तू उंबरा ओलांडत होतीस! नवी नवरी सासरी आली जशी! आणि मीच शिकवलं तुला ते." ती स्वतःवर इतकी संतापली की आधी सगळं स्वाहिलीतच बोलली. मग म्हणाली, "म्लांगो म्हणजे दार. दाराला पाय. दिरिशा म्हणजे खिडकी. खिडकीला डोळे. ते पाण्यातलं दार नाही, खिडकी नाही. ते तुंडू आहे. उंदीर बिळात आधी काय घालतो? पाय?" "डोकं," मी म्हटलं. "फ्रॉक घालताना आधी काय घालतेस?" "डोकं." "ऐकलंस? पोरीलाही कळतं."

आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "ताई, पायाचं नाही गं ते. खाली पाहिलं की मला ते काळं दिसतं. आपल्या गावची विहीर दिसते." मग मला पहिल्यांदा ती गोष्ट ऐकायला मिळाली, जी घरात सगळ्यांना माहीत होती म्हणून कुणी कधी सांगितलीच नव्हती. त्यांच्या लहानपणी विहीर गावाची होती आणि आमचे लोक गावात धरले जात नव्हते. कायदा काहीही म्हणो. आजी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणी वरून पाणी घातलं तर भरून आणायची, नाही घातलं तर उभीच. उन्हाळ्यात गावची पोरं त्या विहिरीत उड्या मारायची, आणि या दोघी बहिणी लांबून नुसते आवाज ऐकायच्या, धबाक्, धबाक्. एकदा आई, पाच-सहा वर्षांची असेल, काठाशी जाऊन आत डोकावली. कुणीतरी ओरडलं, दगड आला, कानाजवळून गेला आणि विहिरीत पडला. तिला फक्त तो दगड खाली पडल्याचा आवाज आठवत होता. माझ्या आईच्या घराण्यात कुणालाच पोहता येत नव्हतं. पोहायला पाणी लागतं, आणि पाणी दुसऱ्यांचं होतं. मला इतका राग आला की मी हातातला पेला टेबलावर आपटला. या वयातही ते आठवलं की राग येतोच, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मावशीने आईचा हात धरला. "कुंदा, ती विहीर शिमो होती. शिमो खाली जातो आणि संपतो. आणि त्या शिमोपाशी आपल्याला हाकलायला माणसं उभी होती. हे तुंडू कुणासाठी केलंय? जाणाऱ्यासाठीच ना? त्या उंच बाबाने ते तुझ्यासाठी पाण्यात सोडलंय. तुला अडवायला तिथे कुणी नाही. डोळे उघडे ठेव, पलीकडचं पाणी दिसेल." आई उठली, माझ्या पलंगावरची गादी ओढत खाली आणली, चादरीच्या पलीकडे टाकली, आणि हात जोडून पुढे करून, डोक्याने त्या भोकात शिरली ती थेट गादीवर पालथी. बाहेर उजेड होता, योकेबाई नेमक्या तेव्हाच कुत्र्याला घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी खिडकीतून अंगठा वर केला. आईने पडल्या पडल्या अंगठा दाखवला आणि परत उठली. त्या आठवड्यात गादीची एक शिवण उसवली, आईचं कोपर सोलवटलं, आणि चादरीची तर पार चिंधी झाली.

परीक्षेच्या दिवशी तलावावर जत्रा होती. त्याच दिवशी लहान मुलांचीही परीक्षा, आजी-आजोबा फुलं घेऊन आलेले, सगळीकडे क्लोरीनचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास. पप्पांनी सुट्टी घेतली होती आणि व्हिडिओ काढायला ते आधीपासूनच फोन उगारून उभे होते. कुर्ता, पँट आणि बूट घालून आईने पहिला भाग केला, त्यात अडचण नव्हती. मग पोहण्याच्या कपड्यात ती काठावर उभी राहिली. विमने मान डोलावली. मावशी बाकावर उठून उभी राहिली आणि सगळ्या डच आजोबांच्या डोक्यावरून ओरडली, "किच्वा क्वांझा, कुंदा! डोकं आधी! किच्वा क्वांझा!" एका लहान मुलाने घाबरून आईचा, म्हणजे त्याच्या आईचा, हात धरला.

आई पाण्यात गेली. काचेतून मला तिचे केस दिसले, मग हात, मग ते कापड हललं. ती कापडाशी आली आणि थांबली. मी मनात म्हटलं, संपलं. पण ती थांबली ती बघायला. मला तिचा चेहरा दिसत होता, डोळे टक्क उघडे. मग तिने हात पुढे केले, डोकं घातलं, खांदे, कंबर, पाय, आणि अख्खी बाई पलीकडे निघाली. वर आली तेव्हा तिच्या केसांतली क्लिप गेली होती आणि केस तोंडावर चिकटले होते. विमने टाळ्या वाजवल्या, मग बायकांनी, मग त्या सगळ्या फुलंवाल्या आजी-आजोबांनी, ज्यांना ही कोण हेही माहीत नव्हतं. मी रडले, सरळ सांगते, आणि मावशीने मला गप्प करायच्या नादात माझ्याच ओढणीला नाक पुसलं. आईने विमला काहीतरी विचारलं. तो हसला आणि बाजूला झाला, आणि आई पुन्हा पाण्याखाली जाऊन त्याच भोकातून उलट्या बाजूने, तिकडून इकडे, परत आली. ते कुणी मागितलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर, केस ओले असतानाच, आईने गावी फोन लावला. आजी तेव्हा गावातच होती, मामाकडे. मामांना व्हिडिओ आधीच पाठवला होता. त्यांनी तो आजीला दुसऱ्या फोनवर लावून दिला आणि पहिला फोन तिच्यासमोर धरला. आम्ही चौघं आमच्या फोनभोवती डोकी जोडून आजीचा चेहरा पाहत होतो. आजी पाहत होती. तिच्या फोनमधून मावशीचं ओरडणं ऐकू आलं, मग काहीच नाही, आई पाण्याखाली असणार तेव्हा. आजीचा हात तोंडाशी गेला. मग टाळ्या. मामांनी विचारलं, "माय, समजलं का?" आजीने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

"कुंदे," ती म्हणाली, "कोनाचं पानी व्हय व ते?"

आई म्हणाली, "गावाचं आहे, माय. इथल्या गावाचं."

"अन् कोनी काही म्हनलं नाही?"

"टाळ्या वाजवल्या ना. ऐकल्या नाहीस का?"

आजीने डोळे पुसले आणि व्हिडिओचा फोन मामांपुढे धरला. "लाव रे पुन्हा," ती म्हणाली.